श्वास कसा चालतो: फुप्फुसं, छाती आणि श्वासपटलाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठवाड्यात श्वासाबद्दलचे प्रश्न शाळेच्या वर्गातून जितके येतात तितकेच गोठ्यातून आणि विहिरीच्या काठावरून येतात. इथे ते एकत्र घेतले आहेत, कारण माणूस, गाय, शेळी आणि घोडा हे सगळे सस्तन प्राणी एकाच पद्धतीने श्वास घेतात. एक गोष्ट सुरुवातीलाच मनात पक्की करावी: श्वास ओढण्याची ताकद फुप्फुसात नसते, ती भोवतालच्या छातीत असते. एवढं नीट समजलं की पोट फुगलेली गाय का गुदमरते आणि मण्यार चावलेल्या माणसाचा श्वास का थांबतो, हे वेगळं पाठ करावं लागत नाही.

फुप्फुसं हवा आत ओढतात ना?

नाही. फुप्फुसाला स्वतःहून फुगता येत नाही, कारण त्याला फुगवणारे स्नायूच त्यात नसतात. हे काम श्वासपटल आणि बरगड्यांमधले स्नायू करतात. श्वासपटल म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला घुमटासारखा वर उचललेला स्नायूचा पडदा. तो आकुंचन पावला की सपाट होत खाली सरकतो. त्याच वेळी बरगड्या वर आणि बाहेर जातात. छातीची पोकळी मोठी होते, तिच्याबरोबर फुप्फुस ताणलं जातं, आतल्या हवेचा दाब उतरतो आणि बाहेरची हवा आपोआप आत शिरते. लोहाराच्या भात्यातही हवा अशीच भरते. भाता उघडणारा हात बाहेर असतो.

जागा वाढली की वायूचा दाब कमी होतो, हा रॉबर्ट बॉइलने १६६२ साली मांडलेला नियम इथे रोज, दर श्वासाला लागू होतो. दाबातला हा फरक किती लहान असतो हे पाहण्यासारखं आहे. छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून थोडं उंच आहे आणि तिथे हवेचा दाब पाऱ्याच्या सुमारे ७१० मिलिमीटर भरतो. शांत श्वास घेताना फुप्फुसातला दाब त्याहून जेमतेम १ मिलिमीटरने उतरतो. तेवढ्यावर अर्धा लिटर हवा आत येते. श्वासपटलही त्यासाठी एक-दोन सेंटिमीटरच खाली सरकतं. खूप खोल श्वास घेतला तर दहा सेंटिमीटरपर्यंत जाऊ शकतं.

मग श्वास सोडताना कोणते स्नायू लागतात?

शांत बसलेलो असताना कोणतेच नाहीत. ताणलेलं फुप्फुस आपल्या लवचिकपणामुळे मूळ आकाराला येतं आणि हवा बाहेर पडते. खोकताना, शिंकताना, चुलीत फुंकर घालताना किंवा दौलताबादचा किल्ला चढताना मात्र पोटाचे स्नायू जोर लावतात आणि श्वासपटलाला खालून वर ढकलतात. म्हणूनच दोन दिवस सतत खोकला झाला की पोट दुखतं.

फुप्फुस छातीला चिकटलेलं असतं का?

शिवलेलं किंवा जोडलेलं नसतं, तरी सुटतही नाही. फुप्फुसावर एक पातळ आवरण असतं आणि छातीच्या आतल्या बाजूला दुसरं. दोन्हींच्या मधे अगदी थोडा द्रव असतो. फुप्फुस सतत आत आक्रसू पाहतं, छाती बाहेर उघडू पाहते. या ओढाताणीत मधल्या जागेतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी राहतो आणि छाती जिकडे जाईल तिकडे फुप्फुस जातं.

बैलाचं शिंग छातीत घुसलं की हे सगळं बिघडतं. जखमेतून हवा त्या मधल्या जागेत शिरते आणि त्या बाजूचं फुप्फुस आक्रसून बसतं. छाती हलत राहते, पण फुप्फुस तिच्या मागे जात नाही. अशा वेळी जखमेवर हवाबंद पट्टी करकचून बांधू नये, कारण आत अडकलेल्या हवेचा दाब वाढून हृदयावर भार येतो. आत काही रुतलं असेल तर ते उपसूही नये. स्वच्छ कोरडं कापड हलकेच धरून लगेच मोठ्या दवाखान्यात न्यावं.

सस्तन प्राण्यांत हत्ती मात्र अपवाद आहे. त्याच्या दोन आवरणांमधली जागा सैल तंतूंच्या ऊतीने भरलेली असते. पाण्यात बुडून, सोंड वर काढून श्वास घेताना छातीवर पाण्याचा जो दाब येतो, तो सोसण्यासाठी ही रचना असावी असं मत मांडलं गेलं आहे.

एका श्वासात किती हवा आत जाते, आणि ती सगळी उपयोगी पडते का?

मोठ्या माणसाच्या शांत श्वासात सुमारे ५०० मिलिलिटर. त्यातली साधारण १५० मिलिलिटर नाक, घसा, श्वासनलिका आणि तिच्या फांद्यांतच राहते. तिथे रक्ताशी देवाणघेवाण होत नाही. उपयोगी पडते ती उरलेली ३५०.

हा हिशोब वहीत मांडून बघावा, विद्यार्थ्यांनी तर नक्कीच. मिनिटाला १२ श्वास, प्रत्येकी ५००: एकूण ६ लिटर हवा, त्यातली कामाची ४.२ लिटर. आता तीच ६ लिटर हवा २४ उथळ श्वासांत घ्या, प्रत्येकी २५०. प्रत्येक श्वासातून १५० वजा गेले की १०० उरतात, म्हणजे मिनिटाला फक्त २.४ लिटर. छातीची धडपड दुप्पट आणि पदरात पडलेली हवा निम्म्याच्या आसपास. न्यूमोनियाचं लेकरू किंवा आजारी वासरू भराभर श्वास घेत असतं तेव्हा ‘श्वास तर जोरात चालू आहे’ म्हणून निर्धास्त राहू नये, ते यामुळेच.

पूर्ण जोर लावून श्वास सोडला तरी आत लिटरभराहून जास्त हवा उरतेच. बोकडाचं फुप्फुस कापल्यानंतरही पाण्यात तरंगतं, ते अशा आत राहिलेल्या हवेमुळे.

वायुकोश म्हणजे काय? अपुऱ्या दिवसांच्या बाळाला श्वास का घेता येत नाही?

श्वासनलिका दोन फाट्यांत विभागते, ते पुन्हा दोन-दोन, असं माणसात सुमारे २३ वेळा होतं. टोकाला असतात वायुकोश. दोन्ही फुप्फुसांत मिळून ते ३० ते ५० कोटी असतात आणि सगळ्यांचा पृष्ठभाग पसरला तर सुमारे ७० चौरस मीटर, म्हणजे साडेसातशे चौरस फूट भरतो. हवा आणि रक्त यांच्यामधला पडदा मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही पातळ असतो.

इतक्या बारीक, आतून ओलसर कोशांची एक अडचण असते. पाण्याचे रेणू एकमेकांना खेचतात आणि त्या ओढीने कोश मिटायला बघतात. ते मिटू नयेत म्हणून कोशाच्या भिंतीतल्या काही पेशी सर्फॅक्टंट नावाचा स्निग्ध पदार्थ सोडतात. तो पाण्याची ही ओढ कमी करतो. गर्भात तो चोविसाव्या आठवड्याच्या सुमारास तयार होऊ लागतो, पण पुरेसा होतो तो चौतीस-पस्तिसाव्या आठवड्यापर्यंत. त्याआधी जन्मलेल्या बाळाचे वायुकोश दर श्वासाला मिटतात आणि पुढच्या श्वासाला ते नव्याने उघडावे लागतात. तेवढी ताकद त्या चिमुकल्या छातीत नसते. मेरी एलन एव्हरी या अमेरिकन डॉक्टरने १९५९ साली हे कारण दाखवून दिलं. त्याआधी अशी बाळं का दगावतात हे डॉक्टरांनाही नीट ठाऊक नव्हतं.

आज वेळेआधी कळा सुरू झाल्या तर आईला स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात. त्यामुळे बाळाच्या फुप्फुसात सर्फॅक्टंट लवकर तयार होतो. पण इंजेक्शनचा गुण यायला काही तास लागतात, पुरता यायला दिवसभर. म्हणून ऊसतोडीच्या फडावर असो की गावात, दिवस भरण्याआधी पोटात कळ आली किंवा पाणी गेलं तर सकाळची वाट पाहू नका. हे मी जितकं कळकळीने सांगू शकतो तितकं सांगतो.

ऑक्सिमीटर ९८ दाखवतो, तरी बाईला जिना चढताना धाप का लागते?

ते यंत्र रक्तातल्या हिमोग्लोबिनपैकी किती टक्के प्राणवायूने भरलेलं आहे एवढंच सांगतं. हिमोग्लोबिन मुळात किती आहे, ते सांगत नाही. रक्त कमी असेल तर फुप्फुसं उत्तम असूनही शरीराला प्राणवायू कमी पडतो. आपल्याकडे बायका महिनोन्‌महिने ‘थकवा आहे’ म्हणून हे अंगावर काढतात. साध्या रक्ततपासणीत ते कळतं.

ज्वारीचे कोवळे पोंगे खाऊन जनावर तडफडतं, तेव्हा त्याचा श्वास अडकलेला असतो का?

अडकलेला नसतो. किरळ, म्हणजे कोवळ्या ज्वारीची विषबाधा, लागलेल्या जनावराची छाती चालू असते, हवा आत येते, रक्त प्राणवायूही घेतं. बिघाड त्याच्या पुढे असतो. कोवळ्या, पावसाने ओढ दिल्यावर खुरटलेल्या किंवा कापणीनंतर फुटलेल्या ज्वारीत धुरिन नावाचं द्रव्य जास्त असतं. पोटात त्यापासून हायड्रोसायनिक आम्ल सुटतं आणि रवंथ करणाऱ्या जनावरांत ते फार झपाट्याने होतं. हे विष पेशींची प्राणवायू वापरण्याची यंत्रणाच बंद पाडतं. प्राणवायू दाराशी येतो आणि न वापरता परत जातो, म्हणून अशा जनावराचं रक्त लालभडक दिसतं. श्वास जोरात चालतो, पण पेशी उपाशी राहतात.

यावर सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेटची इंजेक्शनं आहेत, पण ती पशुवैद्यकानेच द्यायची असतात आणि वेळ मिनिटांत मोजावा लागतो. नीट वाळलेल्या कडब्यात हा धोका बराच कमी असतो. दुष्काळी वर्षात उभी ज्वारी मोडून जनावरं सोडण्याआधी याचा विचार करावा.

गाईचं पोट फुगलं तर ती गुदमरते कशी? पोटाचा श्वासाशी काय संबंध?

फार जवळचा संबंध आहे. श्वासपटल खाली सरकलं तरच छातीत जागा होते, आणि त्याच्या लगेच मागे रुमेन, म्हणजे गाईचं मोठं पोट असतं. ओला घास किंवा दाणा जास्त खाल्ला आणि वायू ढेकरावाटे निघेनासा झाला, की रुमेन फुगून श्वासपटलाला पुढे दाबून धरतं. डावी कूस वर येते, गाय मान ताणून, तोंड उघडून, जीभ बाहेर काढून श्वास घेऊ बघते. फुप्फुस निरोगी असतं. त्याला फुगायला जागाच उरलेली नसते. मोठ्या शिरांवर दाब येऊन हृदयाकडे जाणारं रक्तही कमी होतं.

पशुवैद्यक येईपर्यंत जनावर झोपू देऊ नका आणि पुढचे पाय उंचावर येतील असं उभं करा. राज्यात पशुवैद्यकीय मदतीसाठी १९६२ हा क्रमांक आहे.

आणखी एक. घाईत बाटलीने तेल पाजताना मान खूप वर उचलून जीभ ओढून धरली तर तेल श्वासनलिकेत जातं. फुगलेलं पोट उतरतं, आणि पुढच्या काही दिवसांत जनावर न्यूमोनियाने जातं. खोकला आला की पाजणं त्या क्षणी थांबवा.

मण्यार चावल्यावर सूज नाही, वेदना नाही, तरी माणूस का दगावतो?

मण्यारीचं विष मज्जातंतूकडून स्नायूकडे जाणारा निरोप तोडतं. आधी पापण्या जड होतात, गिळता येईना होतं, आवाज बदलतो. मग हातपाय, आणि शेवटी बरगड्यांचे स्नायू आणि श्वासपटल. फुप्फुसाला काहीही झालेलं नसतं; त्याला ओढणारं कोणी उरलेलं नसतं. रोगी बराच वेळ शुद्धीवर असतो, ऐकत असतो, फक्त हलू शकत नाही.

म्हणून प्रतिविषाइतकंच व्हेंटिलेटरचं महत्त्व आहे. यंत्राने श्वास दिला तर मज्जातंतू सावरेपर्यंत, कधी कित्येक दिवस, माणूस तगतो आणि पूर्ण बरा होतो. रात्री जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटात दुखतं म्हणाला आणि डोळे उघडे राहत नसतील, तर दंशाची खूण शोधत बसू नका. मांत्रिकाकडे गेलेला प्रत्येक तास श्वासपटलाच्या हिशोबातून जातो. १०८ ला फोन करा आणि व्हेंटिलेटर कुठे आहे हे आधी विचारा.

श्वास रोखून धरला की काही वेळाने सोडावाच लागतो. का?

मेंदूच्या तळाशी मस्तिष्कपुच्छात श्वासाचं केंद्र असतं. ते मुख्यतः रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडवर लक्ष ठेवतं. तो वाढला की श्वास घेण्याची ऊर्मी अनावर होते. प्राणवायू कमी झाल्याची सूचना त्या मानाने उशिरा आणि मंद येते.

उन्हाळ्याच्या सुट्टीत विहिरीत पोहणाऱ्या पोरांच्या आईबापांनी पुढचा भाग जरूर वाचावा. जास्त वेळ पाण्याखाली राहण्याची पैज लावून काही मुलं सूर मारण्याआधी भराभर खोल श्वास घेतात. त्याने प्राणवायूचा साठा फारसा वाढत नाही, कारण रक्त आधीच जवळजवळ भरलेलं असतं. कार्बन डायऑक्साइड मात्र खूप उतरतो. मग पाण्याखाली प्राणवायू संपत आला तरी ‘वर ये’ ही सूचना मिळत नाही, आणि चांगला पोहणारा मुलगा हातपाय न मारता बेशुद्ध होऊन तळाशी जातो. काठावरच्यांना तो अजून पैज जिंकतोय असंच वाटतं. ही पैज लावूच देऊ नये.

जुन्या विहिरीत किंवा आडात उतरलेला माणूस हाक न मारताच कोसळतो. असं का होतं?

बंद, खोल जागेत कुजणाऱ्या गाळातून कार्बन डायऑक्साइड, मिथेन आणि कधी हायड्रोजन सल्फाइड साठतो. कार्बन डायऑक्साइड हवेच्या सुमारे दीडपट जड असल्याने तळाला बसतो. आत डिझेल पंप चालवला असेल तर कार्बन मोनॉक्साइडची भर पडते.

प्राणवायू जवळजवळ नसलेल्या हवेत श्वास घेणं हे श्वास रोखण्यापेक्षा कितीतरी वाईट. वायू नेहमी जास्तीकडून कमीकडे जातो. वायुकोशात प्राणवायूच नसेल तर तो रक्तातून उलटा कोशात येतो आणि उच्छ्वासाबरोबर बाहेर जातो. दोन-चार श्वासांत शुद्ध हरपते. मग भाऊ खाली उतरतो, त्याच्यामागे शेजारी, आणि एका घरातले दोघे-तिघे जातात. कंदील सोडून बघण्याची रीत चांगली आहे, पण अपुरी: कंदील विझला तर उतरू नयेच, मात्र तो जळत राहिला तरी विषारी वायू नाही असं सिद्ध होत नाही. आधी बराच वेळ पंख्याने किंवा ब्लोअरने ताजी हवा खाली सोडा. उतरणाऱ्याच्या कमरेला दोर बांधा आणि तो ओढायला वर माणसं ठेवा. खाली कोणी कोसळला तर त्याला दोराने वर ओढा, स्वतः मागे उतरू नका.

कुत्रा धापा टाकतो, घोडा मात्र तोंड मिटून धावतो. असं का?

कुत्र्याला पंजांखेरीज अंगाला फारसा घाम येत नाही. तो मिनिटाला तीनशेच्या आसपास अगदी उथळ श्वास घेऊन जीभ आणि नाकातलं पाणी उडवतो आणि थंड होतो. माणसाच्या हिशोबात वर आलेली ती ‘वाया जाणारी’ जागा कुत्र्यात इथे कामाला येते: हवा वरवरच्या वाटेतच ये-जा करते, म्हणून रक्तातला कार्बन डायऑक्साइड फार उतरत नाही. मला हा भाग सगळ्यात सुंदर वाटतो.

घोडा तोंडाने श्वास घेऊच शकत नाही; त्याचा मऊ टाळू घशाचा तो मार्ग बंद ठेवतो. माळेगावच्या यात्रेत घोडा दौडताना दिसला तर नीट पाहा: भरधाव असताना प्रत्येक झेपेला एक श्वास असतो. पुढचे पाय टेकले की उच्छ्वास, शरीर ताणलं की श्वास.

देवणी किंवा लाल कंधारी गाय सावलीत शांत असताना मिनिटाला साधारण वीस-तीस श्वास घेते. कुशीची हालचाल मोजून ते कळतं. परभणी-नांदेडच्या मे महिन्यात तोच आकडा साठच्या वर गेला तर जनावराला उन्हाचा ताण आहे असं समजावं. म्हशीच्या कातडीत घामाच्या ग्रंथी गाईपेक्षा बऱ्याच कमी असतात, म्हणून तिला डुंबायला पाणी हवंच.

कोंबडीचं काय?

पक्ष्यांना आपल्यासारखं श्वासपटल नसतं. त्यांची छातीच पुढे-मागे हलून हवेच्या पिशव्यांमधून हवा फिरवते. त्यामुळे कोंबडीची छाती हातात घट्ट आवळून धरली तर ती नाक-तोंड मोकळं असूनही गुदमरते. लेकरांना हे सांगून ठेवा.

मळणीच्या वेळी नाकाला रुमाल बांधला तर पुरतो का?

मोठा भुसा रुमाल अडवतो, आणि उरलेला बराचसा नाकातले केस आणि चिकट द्रव पकडतात. श्वासमार्गातले सूक्ष्म केस ती घाण वर घशाकडे ढकलतात. सर्वांत बारीक धूळ आणि बुरशीचे कण मात्र थेट वायुकोशापर्यंत जातात. त्यांना एन-९५ मास्कच लागतो. तंबाखूच्या धुराने ते सूक्ष्म केस लुळे पडतात, म्हणून विडी ओढणाऱ्याला मळणीची धूळ जास्त बाधते.

उचकी म्हणजे काय?

श्वासपटलाचं अचानक, आपोआप होणारं आकुंचन. हवा झटक्यात आत येते आणि स्वरयंत्राचं दार लगेच मिटतं, त्याचा तो आवाज. दोन दिवसांहून जास्त टिकली तर दाखवून घ्यावं.

लहान मुलाचा श्वास बिघडलाय हे घरी कसं ओळखायचं?

मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट पोटाची हालचाल मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळात ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त श्वास म्हणजे वेग वाढलेला. त्याहून गंभीर खूण म्हणजे श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जाणं. फुप्फुस आजाराने कडक झालं की श्वासपटल फार जोर लावतं, आणि बाळाच्या बरगड्या मऊ असल्याने छातीची भिंतच आत खेचली जाते. असं दिसलं, ओठ निळसर झाले किंवा बाळ अंगावर पीत नसेल, तर घरगुती वाफ-काढा न करता सरळ दवाखाना गाठा.